सात पाचचा ठिपका

ठिपका आला होता. म्हणूनच दुपारी बाराला पाच कमी असताना शिकवणीवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा ती चुकली. या बाई बाबांच्या खालच्या मजल्यावर राहतात, शाळेच्या मुलांना गणित शिकवतात, आणि बाबांच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. "तुमचे वडील बाथरूममध्ये पडलेत," त्या म्हणाल्या, "काल संध्याकाळपासून पडलेत म्हणतायत. अँब्युलन्स बोलावलीय मी." यावर तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "शक्यच नाही. सकाळी सात पाचला मला त्यांचा मेसेज आलाय." पलीकडून बाई भागाकार चुकलेल्या मुलाशी बोलावं तशा समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, मी त्यांच्या शेजारीच बसलेय, फरशीवर. त्यांचा हात माझ्या हातात आहे. गार पडलाय." "पण आलाय ना," ती पुन्हा म्हणाली. कसे आहेत, बोलतायत का, कुठल्या हॉस्पिटलात नेताय, यातलं काहीच नाही. पुढे कितीतरी वेळ हेच आठवून तिच्या अंगावर काटा येत राहिला. बाप जमिनीवर पडलाय असं कोणीतरी सांगत होतं आणि ती हुज्जत घालत होती.

तिच्या डाव्या हातात त्या वेळी एका अनोळखी माणसाचा पुढचा दात होता. म्हणजे होणारा दात. दातांच्या कारखान्यात ती एकवीस वर्षं पोर्सेलीनच्या टोप्या रंगवते. डॉक्टरांकडून ठसा येतो, सोबत चिठ्ठीवर शेडचा नंबर येतो, आणि तो नंबर बहुतेक वेळा चुकलेला असतो, कारण डॉक्टर लोक दिव्याच्या पिवळ्या उजेडात दात बघतात. ती पेशंटला खिडकीशी उभं करते, शेडची पट्टी ओठाजवळ धरते आणि डोळे बारीक करून बघते. सोळा रंगांच्या त्या पट्टीतल्या दोन रंगांच्या मधलाही रंग तिला दिसतो. कारखान्याचा मालक, ज्याला उशिरा उगवला आणि उगाच दुखतो म्हणून सगळे पाठीमागे अक्कलदाढ म्हणतात, तो एकदा म्हणाला होता, बाई, तुमच्या डोळ्यांचा विमा काढायला हवा. आत्ता तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला, तिचा चेहरा बघून त्याने तिच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाला, "निघा तुम्ही. दात कुठे पळून जात नाहीत." तिने अॅप्रन काढला, पर्स घेतली, आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा टेबलाकडे आली, भट्टी बंद केली का ते बघायला. भट्टी चालूच नव्हती.

टॅक्सीत तिने फोन उघडला. ठिपका तिथेच होता. करड्या फुग्यात एक पूर्णविराम, खाली सात पाचची वेळ. त्याच्या खाली निळ्या फुग्यात तिचा उलटा ठिपका, सात सहा. वर कालचे दोन. त्याच्या वर परवाचे. मग हा पाठवला कोणी? घरात कोणी घुसलं का? चोर आला, त्याने बाबांना ढकललं, आणि जाता जाता मुलीला काळजी नको म्हणून एक पूर्णविराम पाठवून गेला? तिला हसू आलं आणि त्या हसण्याची भीती वाटली. की बाबांनी पडल्या पडल्या पाठवला, फोन खिशात होता? मग ठिपका कशाला पाठवतील, फोनच नसता का केला? की नसताच केला? ठिपका म्हणजे "मी ठीक आहे", हे सहा वर्षांपूर्वी आई गेली त्या महिन्यात ठरलं होतं. बाबांनीच ठरवलं. बोलायला लागलं की दोघांनाही रडू यायचं, मग ते म्हणाले, "मोठे, आपण रोज सकाळी एकमेकांना एक टिंब पाठवू. टिंबाला रडता येत नाही." बाबा तिला मोठी म्हणतात आणि तिच्या धाकट्या भावाला छोट्या, एक बावन्नची, दुसरा सत्तेचाळीसचा. चौतीस वर्षं बाबांनी शहराच्या बसकंपनीत वेळापत्रकं बसवली. थांब्यावरच्या त्या पाट्या, त्यातले ते बारीक आकडे, सगळे त्यांच्या हातून गेलेले. लहानपणी ती त्यांच्याबरोबर थांब्यावर उभी असायची, सात पाचची बस सात वीसला यायची आणि लोक चिडून त्या पाटीकडे बघायचे. बाबा शांत असायचे. "गाडी आणणं आगाराचं काम," ते कानात सांगायचे. "वेळ छापणं माझं. माझी वेळ बरोबर आहे."

टॅक्सी सिग्नलला थांबली आणि तेव्हा तिला आजची दुसरी गोष्ट आठवली. सकाळी सात चाळीसला छोट्याचा फोन आला होता. तो दूर राहतो, विमानाने पाच तास. "ताई, बाबांचा ठिपका आला का गं?" ती टोस्टला लोणी लावत होती. सहा वर्षांत त्याने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ठिपक्यांची तो टिंगलच करायचा, तुमची तारऑफिसं कशी चाललीयेत म्हणून. ती म्हणाली, "आला की, सात पाचला. का रे?" "काही नाही. सहज." "काही झालंय का?" "नाही गं. आला ना? मग झालं." आणि फोन ठेवताना तिला बरं वाटलं होतं. नुसतं बरं नाही. जरा उंच झाल्यासारखं वाटलं होतं. बघ, शेवटी माझ्याकडेच विचारायला आलास. बाबा ठीक आहेत की नाहीत हे या जगात फक्त माझ्या फोनवर कळतं. ते समाधान तिने टोस्टबरोबर चावून चावून खाल्लं होतं. त्या वेळी बाबा बारा तास फरशीवर होते. ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. ती काहीतरी मोठ्याने बोलली असावी.

त्या फोनवरून केवढं रामायण झालं होतं. अडीच वर्षांपूर्वी बाबांचा जुना फोन मेला आणि नवा कुठला घ्यायचा यावर बहीणभाऊ आठवडाभर भांडले. छोट्याकडे, त्याच्या बायकोकडे, मुलीकडे साधे फोन, वेगवेगळ्या कंपन्यांचे. त्यांचं सगळं बोलणं त्या एका अॅपवर चालायचं, जे कुठल्याही फोनवर चालतं. तिच्याकडचा फोन मात्र त्या एका कंपनीचा, आणि त्या कंपनीचं मेसेजचं अॅप त्याच कंपनीच्या दोन फोनांतच नीट बोलतं. आतल्या माणसाला पाठवलेला मेसेज निळा होतो. बाहेरच्याला पाठवलेला हिरवा होतो, आणि हिरवं झालं की फोटो पुसट जातात, ग्रुप मोडतो, काय पोहोचलं काय नाही ते कळत नाही. "ताई, सगळ्यांचं आहे ते घे ना," छोट्या म्हणाला होता. "तुमच्या त्या कुंपणात आम्हाला येताच येत नाही. आणि इकडे माणूस शेवटचा कधी येऊन गेला ते तरी दिसतं." "तेच नको आहे," ती म्हणाली होती. "ती पाळत. आणि ती ढीगभर फुलं, सुविचार, बाळांचे व्हिडिओ. बाबांना झेपणार नाही." "बाबांना झेपणार नाही की तुला?" "बाबांना." मग तिने स्वतःच जाऊन स्वतःच्याच कंपनीचा फोन बाबांना आणून दिला, खोक्यातून काढून, सगळं बसवून. सगळ्यांचा मिळून एक ग्रुपही केला, आपण वाईट दिसू नये म्हणून. त्यात भाचीच्या नाटकाचा फोटो आला तो असा, की राणी कुठली आणि पडदा कुठला ते कळेना. बाबा भिंग घेऊन बसले. दोन महिन्यांत ग्रुप आपोआप बंद पडला, आणि तिला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. छोट्याकडे बायको होती, मुलगी होती, कुत्रा होता. तिच्याकडे लग्नाचं एक प्रकरण होतं, ते तीन वर्षांत आटोपलं होतं. निळ्या रंगाच्या आत जगातली दोनच माणसं होती आणि त्यातली एक ती होती.

हॉस्पिटलात तिला आधी बाबा भेटले नाहीत, बाबांची पिशवी भेटली. पारदर्शक प्लास्टिकची, वर नंबर. आत चष्मा, घड्याळ, फोन, आणि वरची कवळी. कवळी तिनेच केलेली. उजवा सुळा तिने मुद्दाम थोडा वळवून बसवला होता, बाबांचा खरा सुळा होता तसा. त्यावर त्यांनी आरशासमोर उभं राहून "अगं, मीच आलो की परत!" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. हाडांच्या डॉक्टरीणबाई आल्या, वयाने तिच्या निम्म्या, केस ओले. खुब्याचं हाड मोडलंय, उद्या सकाळी पहिलंच ऑपरेशन घेऊ. पण हाडापेक्षा किडन्यांची काळजी आहे. इतके तास एका कुशीवर पडून राहिलं की स्नायू चेपतात, त्यांचं विष रक्तात उतरतं. "साधारण सोळा तास झाले असतील." "आणि बारा तासांनी आणलं असतं तर?" तिने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "असं आकड्यात नाही सांगता येत." "तरी?" "लवकर आणलेलं केव्हाही बरंच असतं." एवढं बोलून त्या गेल्या. भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं चित्र होतं. तिने त्या सहाही पायऱ्या तीनदा वाचल्या.

बाबा खाटेवर लहान दिसत होते. दात नसले की त्यांचा चेहरा खाली बसतो, तंबूचा मधला बांबू काढल्यासारखा. तिला बघितल्यावर त्यांनी डोळे मिचकावले. ती सवय अजून शाबूत होती. "छोट्याला कळवलंस?" "कळवलं. बाबा, सकाळी ठिपका तुम्ही पाठवलात?" हेसुद्धा तिने आधी विचारलं. विचारायचं नाही असं दाराबाहेर ठरवून आत आली होती. बाबांनी छताकडे बघितलं. "सात पाचची आली होय?" म्हणाले. "हो. आली असणार. रद्द करायची राहिली." तिला कळेना. मग त्यांनी, थांबत थांबत, बोबड्या दंतहीन उच्चारात सांगितलं. त्या अॅपमध्ये सोय आहे. मेसेज आधीच लिहून ठेवायचा, तारीख-वेळ घालायची, तो आपोआप जातो. आधी चौदा दिवसांपर्यंतचं लावता येतं. "एक आड एक रविवारी बसतो मी. कॉफी घेऊन. चौदा गाड्या एकदम लावून टाकतो." सांगताना त्यांच्या आवाजात कारागिराचा अभिमान आला. "तो टेलिफोनवाल्या दुकानातला माणूससुद्धा म्हणाला, आजोबा, हे तुम्हाला कसं सापडलं." "पण का, बाबा?" "झोप लागते गं मला सकाळी आताशा. साडेआठपर्यंत. आयुष्यभर पहाटे उठलो, आता कुठे लागते. आणि तू सात सहाला फोन करायला लागायचीस."

हे खरं होतं. गेल्या हिवाळ्यात एकदा ठिपका यायला उशीर झाला होता, नऊ मिनिटं. तिने त्या नऊ मिनिटांत अकरा वेळा फोन लावला होता, बाराव्यांदा शिकवणीवाल्या बाईंना लावला होता, आणि बाबांनी अंगभर साबण घेऊन दार उघडलं होतं, समोर बाई किल्ली घेऊन उभ्या. नंतर तिघंही हसले होते. ती सगळ्यात जास्त. "मग सांगायचं नाही का मला?" ती म्हणाली. आवाज चढला, शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मान वळवली. बाबा म्हणाले, "तुझी सकाळ चांगली जायची, मोठे. तेवढ्यासाठीच ना ते?" मग त्यांनी डोळे मिटले आणि डोळे मिटूनच म्हणाले, "पुढच्या गाड्या रद्द कर तेवढ्या. फोन उघडायला सात पाचच घाल. शून्य सात शून्य पाच."

तिने रद्द केल्या नाहीत. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीजवळ, सवयीने उजेडाकडे तोंड करून ती बसली आणि स्वतःचा फोन काढून मागे मागे जायला लागली. अंगठ्याखालून ठिपके पळत होते. करडा, निळा, करडा, निळा. सात पाच. सात पाच. सात पाच. ऑगस्ट, जुलै, जून. सात पाच, सात पाच. ती आणखी मागे गेली. मार्चच्या एका सोमवारी ते थांबलं. त्याच्या आधी सहा अठ्ठावन्न होतं. त्याच्या आधी सात अकरा. सात तीन, सात शून्य, सात चौदा, एकदा दोन ठिपके चुकून, एकदा स्वल्पविराम. ते सगळे हाताने पाठवलेले होते. चष्मा शोधून, बोट थरथरत, चुकत पाठवलेले. खोटा दात कसा ओळखावा हे ती नव्या मुलींना रोज शिकवते. तो फार चांगला असतो. सगळीकडून एकसारखा पांढरा, कुठे डाग नाही, चीर नाही, कडेला झिजलेला नाही. म्हणून ती शेवटच्या थरात मुद्दाम एक केसाएवढी भेग ओढते, मानेशी चहाच्या डागाची सावली सोडते, आणि तेव्हा कुठे तो दात माणसाचा वाटायला लागतो. आणि सहा महिने, रोज सकाळी, तिने ते बिनचूक सात पाच डोळ्यांपुढे धरून बघितले होते, त्यांना उलट ठिपका दिला होता, आणि मग सुखाने दात घासले होते. सोळा रंगांच्या मधला रंग दिसणाऱ्या बाईला हे दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं, की बघायचं नव्हतं? ठिपका आला की रविवारपर्यंत बाबांकडे जायचं वाचत होतं. पंचवीस मिनिटांची तर बस.

छोट्याचा फोन आला तेव्हा तो विमानतळावर होता, तिकिटाची वाट बघत. तिने त्याला सगळं सांगितलं. चौदा गाड्यांचं, सात पाचचं. तो ऐकत राहिला. मग ती म्हणाली, "तू सकाळी का विचारलंस रे, ठिपका आला का म्हणून?" मागे कुठल्याशा विमानाची घोषणा चालली होती. "छोट्या." "ताई, तू चिडू नकोस." "का विचारलंस?" "काल संध्याकाळी मी त्यांना एक विनोद पाठवला होता. सात बाराला त्यांनी बघितला. त्यावर काहीतरी लिहीत होते, लिहितायत असं दिसत होतं. मग थांबलं. मग काही आलंच नाही. सकाळपर्यंत शेवटचे आलेले कधी, तर सात बारा." "कुठे?" तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं. "सगळ्यांच्या अॅपवर," तो म्हणाला. "बाबा आहेत तिथे. वर्ष होऊन गेलं. त्यांनीच घेतलं, त्या दुकानात जाऊन. रोज असतात. हिला पाककृती विचारतात, पोरीशी शब्दकोडी खेळतात, मला शिव्या घालतात. आवाजी मेसेज तर विचारू नकोस, पाच पाच मिनिटांचे." "आणि मला?" "ते म्हणाले, मोठीला बोलू नका. तिला वाटेल की... " "काय वाटेल?" "म्हणाले, तिच्याकडे ते एकच आहे. ते तिच्यापुरतं राहू द्या."

खिडकीखाली एक माणूस पाइपने फरसबंदी धूत होता. पाणी कडेपर्यंत जायचं आणि परत यायचं. ती ते बघत राहिली. वर्षभर. म्हणजे निळ्या रंगाच्या आत वर्षभर एकच माणूस होतं आणि ते ती होती. दुसऱ्या बाजूने मार्चपासून तर रोज सात पाचला नुसती एक पाटी हलत होती. बाबा हसत होते, शिव्या घालत होते, कोडी सोडवत होते, आणि हे सगळं भिंतीपलीकडे, जी भिंत तिनेच खोक्यातून काढून बसवून दिली होती. "ताई, आहेस ना?" छोट्या विचारत होता. "मी सकाळीच बाईंना फोन करणार होतो. लावलाही होता अर्धा. मग म्हटलं ताईला विचारू आधी. तू म्हणालीस, आला. म्हणून मी... साडेअकरापर्यंत थांबलो गं, मग बाईंना लावला. तू म्हणाली नसतीस तर..." आणि तो मध्येच थांबला. ते वाक्य त्याने पुरं केलं नाही. तिला वाटलं, करावं. तोंडावर मारावं एकदाचं. पण तो नुसता नाक ओढत राहिला, लहानपणी पतंग कापला गेल्यावर ओढायचा तसा, आणि तीच म्हणाली, "जॅकेट घेतलंयस ना? इथे गारठा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबांना आत नेलं. जाताना ते काहीतरी म्हणाले, ते तिला कळलं नाही. दात तिच्या पिशवीत होते. दारावर एक दिवा लागला. ती त्याच खुर्चीवर बसली. छोट्या अजून अर्ध्या वाटेत, सरळ विमान न मिळाल्यामुळे मधल्या विमानतळावर अडकलेला. कॉरिडॉरमध्ये फरशी पुसणारी बाई आली, तिला पाय उचलायला लावून पुढे गेली. आणि मग तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिने काढून बघितला. करड्या फुग्यात एक ठिपका. सात पाच.

तिला माहीत होतं. काल रात्री झोपताना माहीत होतं, सकाळी दात घासताना माहीत होतं, ही एक येणार, आपण रद्द केलेली नाही. तरी हात असा उडाला की फोन खाली पडला आणि खुर्चीखाली घसरत गेला. ती गुडघ्यावर बसून तो काढत होती आणि तिच्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की दारापलीकडे बाबांना भूल दिलेली आहे, त्यांची मांडी उघडलेली आहे, आणि ते ठीक आहेत असं त्यांनी आत्ता कळवलंय. अंगठा आपोआप उलट ठिपक्याकडे गेला. तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला. अक्षरशः धरून ठेवला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

मग तिने पिशवीतून बाबांचा फोन काढला. शून्य सात शून्य पाच. तिच्या नावाखाली, तुटक रेषांच्या चौकटीत, उद्याचा ठिपका होता. परवाचा होता. एकूण दहा. रांगेत उभे, एकाखाली एक. रद्द करायला प्रत्येकावर बोट दाबून धरायचं होतं. तिने उद्याच्यावर दाबून धरलं आणि सोडून दिलं. हे दहा पुसले आणि दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मान हलवली, तर? मग बाबांकडून तिला आणखी काय यायचं राहिलं होतं? आणि राहू दिले, आणि डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, तर पुढचे दहा दिवस ते ठीक असणार होते, रोज, सात पाचला. तिने ते बंद केलं. पडद्यावर शेजारीच दुसरं अॅप होतं, सगळ्यांचं. ते उघडायचं नाही, असं ती मनाशी म्हणाली, आणि उघडलं.

वर छोट्याचं नाव. शेवटी त्याचा विनोद, म्हाताऱ्याचा आणि लिफ्टचा, काही खास नव्हता. खाली लिहिण्याच्या जागेत बाबांचं अर्धं राहिलेलं उत्तर तसंच पडून होतं: "फालतू. यापेक्षा मोठी चांगला सांग". शब्द तिथेच तुटला होता. बहुतेक तेव्हा ते फोन ठेवून बाथरूमकडे गेले असावेत. ती ते वाचत राहिली. तिने बाबांना शेवटचा विनोद कधी सांगितला होता? मागच्या हिवाळ्यात, साबणाच्या वेळी असेल. मग ती त्यांच्या नि भाचीच्या कोड्यांत गेली, मग भावजयीशी चाललेल्या पाककृतीत, एका आवाजी मेसेजवर बोट गेलं आणि शांत कॉरिडॉरमध्ये बाबांचा दणदणीत, सदंत आवाज घुमला, "सूनबाई, मीठ चवीपुरतं म्हणजे कोणाच्या चवीपुरतं?" फरशी पुसणारी बाई दचकून थांबली. तेवढ्यात बाबांचा फोन तिच्या हातातच वाजायला लागला. छोट्या.

"बाबा!" तो ओरडला. "बाबा, झालं ऑपरेशन? मला दिसलात! इथे विमानतळावर बसलोय मी, बघतोय तर तुम्ही अॅपवर आलेले! मी म्हटलं... बाबा? बोला ना, बोलवत नाही का? नुसतं हं म्हणा." तो हसत होता आणि रडत होता, आणि मागे कोणीतरी त्याला काय झालं म्हणून विचारत होतं. एक क्षण, खरंच एक क्षण, तिच्या मनात आलं, हं म्हणावं. काय जातंय. त्याची सकाळ चांगली जाईल. त्या एका क्षणात तिला बाबा जेवढे कळले तेवढे बावन्न वर्षांत कळले नव्हते.

"छोट्या," ती म्हणाली. "मी आहे रे. मी त्यांचा फोन उघडला."

आता तो अगदी हळू म्हणाला, "बंद कर, ताई. प्लीज. मला ते दिसतायत."

तिने बंद केलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आता तिथे शेवटचे आलेले सात एकोणतीस असं दिसत असणार. सात बारा पुसलं गेलं. बाबा त्यांच्या पायांवर उभे असताना त्यांनी स्वतः मागे सोडलेली शेवटची खरी वेळ, तिच्या बोटाने गेली, आणि जिथे खरं दिसतं म्हणून छोट्याने आठवडाभर भांडण केलं होतं तिथेही आता खोटंच लिहिलेलं होतं. छोट्याने फोन ठेवला नव्हता. तिनेही ठेवला नाही. दोघं तसेच बसून राहिले, त्याच्याकडच्या घोषणा तिला ऐकू येत होत्या आणि तिच्याकडची पोछ्याची बादली त्याला.

सव्वाआठला दारावरचा दिवा गेला. डॉक्टरीणबाई नाही, एक नर्स बाहेर आली, कागद बघत. "यांची मुलगी तुम्हीच का? हाड बसलं. शुद्धीवर येतायत. किडन्यांचं दोन दिवसांनी कळेल, ते डॉक्टरीणबाई सांगतीलच." मग जरा वैतागून, "काहीतरी मागतायत मघापासून, काही कळत नाहीये." "दात," ती म्हणाली. फोनमधून छोट्याचा आवाज आला, "काय? काय म्हणाली?" "दात मागतायत," ती त्याला म्हणाली, आणि पिशवी उघडून कवळी बाहेर काढली.

दात आत्ता द्यायचे नाहीत, तासाभराने, असं सांगून नर्सने तिला दोन मिनिटं आत सोडलं. बाबांचे ओठ सुकले होते. तिने कापसाने ओले केले. त्यांनी डोळे उघडले, तिला शोधलं, आणि त्या खाली बसलेल्या तोंडातून जे निघालं ते तिला बरोबर कळलं. "सात पाचची गेली?"

"गेली. उद्यापासूनच्या रद्द करते."

बाबांनी विचार केला. भुलीतून वर येणाऱ्या माणसाला झेपेल तेवढा, सावकाश. "मग तुला कळणार कसं?"

"विचारीन. येऊन विचारीन."

"मी झोपलेला असेन. उशीर होईल मला."

"होऊ दे," ती म्हणाली, आणि म्हणताना तिची नजर त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे, घड्याळाकडे गेली, ती तिने ओढून खाली आणली. बाबा बघत होते. त्यांनी डोळे मिचकावले.